पहिलं माप लेकराचं



दुधाच्या भावाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज त्याच दुधाबद्दल घराच्या आतून बोलायचं आहे.

पहाटे धार काढली की किटली डेअरीवर जाते. फॅट लागतं, माप होतं. रिकामी किटली घरी येते तेव्हा तीन वर्षांचं पोर उठलेलं असतं. त्याच्या पुढ्यात काय येतं? चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. गोठ्यात दोन म्हशी आणि पोर चहावर! तूर आडतीला जाते, अंडी बाजाराला जातात. तिथंही तीच गत.

शहाणे म्हणतात, खेड्यातल्या आईला कळत नाही. आम्हाला हे साफ नामंजूर आहे. तिचा दिवस पाहा. भाकरी, पाणी, शेणघाण उरकून ती खुरपणीला जाते. लेकरू आजीजवळ. लहान पोराचं पोट ते केवढं! त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. पोर रडलं की आजी पुडा फोडते, कारण पुड्याला चूल पेटवावी लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरात तर अनेकदा आजी गावात, अंगणवाडीही गावात आणि पोर फडात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरात पस्तीस मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी शंभरात दहासुद्धा भरली नाहीत.

घरातलं सगळं विकावं लागतं, कारण पेंडीचं बिल आणि सोसायटीचा हप्ता थांबत नाही. म्हणून भावाची लढाई ही लेकराच्या ताटाचीच लढाई आहे. पण भाव मिळेपर्यंत लेकराचं वय थांबत नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ मागाहून भरून काढणं फार कठीण.

तेव्हा तीन गोष्टी आजपासून करू.

एक, किटली निघण्याआधी वर्षावरच्या लेकराचा पेला भरायचा. तुरीचं पोतं शिवण्याआधी घरची डाळ काढायची.

दोन, पोराचा चहा बंद. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. रोजचे पाच रुपये म्हणजे वर्षाचे १,८२५ रुपये. त्यात शेंगदाणे आणि गूळ घ्या.

तीन, १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. बाईच्या कष्टाचा हिशेब आपण तिथं मांडला. लेकराला भरवायचा वेळ हाही त्याच हिशेबातला आहे. एक वेळ गड्यानेही मांडी घालून भरवायला बसावं. त्यात कसला कमीपणा?

सरकारकडे घामाचं दाम मागणारच आहोत. ते मिळेल तेव्हा मिळेल. उद्या पहाटे धार निघेल, तेव्हा पहिलं माप लेकराचं.