बास माशासाठी दोरी कोणती?

अमेरिकेतल्या तळ्यांत बास मासा धरायला मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ गळाला लावून तळावरून सावकाश सरकवतात. मासा ते हलकेच तोंडात घेतो, म्हणून दोरी जपून निवडायला हवी. नितळ पाण्यात मी फ्लुरोकार्बनची दोरीच घेईन. ती पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट घन. त्यामुळे बुडते, शिवाय कमी दिसते. मात्र गाठ ओली करूनच आवळा. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनं ती कमकुवत होते.

एकपदरी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, स्वस्त, पण बराच ताणला जातो. दाट पाणवनस्पतींत मात्र पॉलिएथिलीनची विणलेली दोरी हवी. ती फारशी ताणली जात नाही, देठ कापते आणि मासा गुंतण्याआधी बाहेर खेचता येतो. ती तरंगते, उठून दिसते; म्हणून स्वच्छ पाण्यात टोकाला फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडा.