अंतर कानांना कसं कळतं?

श्रुतिकेत अंगणातून हाक मारणारं पात्र तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. स्टुडिओत अंगण नसतं. नट मायक्रोफोनपासून चार पावलं मागे सरकतो आणि घरी ऐकणाऱ्याला तो लांब गेलेला वाटतो. जागेवरच उभं राहून तो हळू बोलला, तर मात्र तो हळू बोलतोय एवढंच कळतं. हा फरक कशामुळे पडतो, हे आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, घडवणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. पण तो मुळात केवढा होता हे ठाऊक नसेल, तर या उतारावरून अंतर कळणार कसं? मार्क गार्डनर यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भिंतींवरून ध्वनी परतत नाही अशा खोलीत लोकांना बोलणं ऐकवलं. कुजबुज होती त्याहून जवळ वाटली, ओरडणं होतं त्याहून लांब. बोलण्याच्या ढंगावरूनच कान अंदाज बांधत होते.

नेहमीच्या खोलीत भिंती मदतीला येतात. आवाजाचा एक भाग थेट पोचतो, दुसरा भिंतींवर, छतावर आपटून. बोलणारा लांब गेला की थेट भाग घटतो, परतून येणारा जवळपास तेवढाच राहतो. या दोहोंचं प्रमाण कान जोखतात. मर्शन आणि किंग या संशोधकांनी 1975 साली दाखवून दिलं, की आवाजाच्या लहानमोठेपणावरून दोन आवाजांतला जवळचा कोणता हे कळतं. पण एकदाच ऐकून अंतर ठरवायला खोलीचा निनाद, म्हणजे भिंतींवरून परतणारा आवाज, लागतो.

2002 मध्ये पॅव्हेल झाहोरिक यांनी एका सभागृहात मोजलेला ध्वनी हेडफोनवर हुबेहूब उभा केला. तरीही लांबचे आवाज श्रोत्यांना जवळ वाटले आणि मीटरभराच्या आतले किंचित लांब. हा कल माणसाच्या श्रवणातच आहे.

पण व्हीआरमध्ये निनादच दिला नाही, तर तो दोष घडवणाऱ्याचा. दृष्टिहीन व्यक्तीला अनोळखी इमारतीत वावरण्याचा सराव आभासी जगात द्यायचा असेल, तर तिथल्या प्रत्येक दालनाचा निनाद खरा हवा. चित्रावर जेवढी मेहनत घेतली जाते, तेवढीच भिंतींवरून परतणाऱ्या आवाजावर घ्या, असं या क्षेत्रातल्या तरुणांना माझं आग्रहाचं सांगणं आहे.