केसपेपरातली बाई

(डोंबिवलीतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



साहित्यातली पात्रं, दृष्टिकोन, भाषा यांवर बोलायला समाजकार्य शिकलेली बाई कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण आपण रोज गोष्टीच लिहितो की! केसपेपर ही गोष्टच असते.

कल्याणची एक बाई केंद्रात दुसऱ्यांदा आली. म्हणाली, "कुकर उशिरा लावला म्हणून त्याने झाकण फेकून मारलं. लेकीने पाहिलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही." मी लिहिलं, 'घरगुती कारणावरून वाद. पती तापट. पत्नी तडजोडीस तयार नाही.' सहीआधी वाचून दाखवलं. तिने विचारलं, "ताई, ह्यात झाकण कुठंय? आणि माझी लेक?"

'तापट', 'तडजोड' हे शब्द आदल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने वापरले होते. मला ते तटस्थ वाटले. लेखणी माझी, कागद संस्थेचा आणि नजर त्याची!

तेव्हा मला मालतीबाई बेडेकर आठवल्या. १९३३ साली त्यांनी विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं आणि केवढा गदारोळ झाला. पुढे सोलापूरला, कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्या तीन वर्षं अधिकारी होत्या. म्हणजे आपल्यासारख्याच, नोंदी करणाऱ्या. सरकारी नोंदीत माणूस जमातीच्या नावाने उरतो. १९५० च्या 'बळी'त मात्र त्यांनी तारेच्या कुंपणाआडचं जगणं मांडलं. तरीही लिहिणारी बाहेरून आलेली, शिकलेली, अधिकारी. ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते, कारण ती माझीही आहे. १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं, तेव्हा अशाच एका जमातीतला माणूस स्वतः 'मी' म्हणून बोलत होता. 'त्या'चा 'मी' झाला की सगळी गोष्टच बदलते.

मग कायद्याची भाषा टाकून द्यायची? मुळीच नाही. ती आली नाही तर आपण फसतो. 'किरकोळ भांडण' लिहिलं की प्रकरण अदखलपात्र ठरतं आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. बायका 'एनसी केली' म्हणून समाधानाने घरी जातात! तोच छळ नीट, तपशिलाने लिहिला तर पूर्वीचं ४९८ अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, लागू शकतं. म्हणून आता मी आधी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिते, कलम त्याच्या खाली.

त्या दिवशी कागद फाडला, नवा घेतला. झाकण आलं, लेक आली. मी पुन्हा वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "झाकणाला पोचा पडलाय, तेही लिहा. उद्या येताना घेऊन येऊ का?"