पट्टा तुटायच्या आधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. घडलं ते सांगते. आमच्या गटाची जुनी पेट्रोल व्हॅन तुम्ही बघितलीय. पापड, मसाला, शेवया तीच बाजाराला नेते. ती बंद पडली तर दहा घरांचा आठवडा बुडतो.

माझी लेक आयटीआयला मोटर मेकॅनिकचं शिकते. तिनं विचारलं, "आई, टायमिंग बेल्ट कधी बदललास?" मला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, हा दाते असलेला रबरी पट्टा. खालचा क्रँक दोनदा फिरला की वरचा कॅम एकदाच फिरला पाहिजे. तो मेळ हा पट्टा राखतो. तुटला तर इंजिन जागीच बंद. काही इंजिनांत, डिझेलच्या तर बहुतेक, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि मोठा खर्च बसतो. रबर म्हातारं होतं, म्हणून किलोमीटर आणि वर्षं दोन्ही बघायची. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. काही गाड्यांना पट्टा नसून साखळी असते, तेही पुस्तकातच कळतं.

आम्ही वही काढली. डिझेल-पेट्रोलचा पैसा न् पैसा लिहिलेला, पण पट्ट्याची नोंद कुठंच नाही! मग घरीच बदलायचं ठरवलं. शेजारचे भाऊजी म्हणाले, "बायकांनी इंजिन उघडायचं?" मी म्हटलं, "भाऊजी, जातं उघडून टाकी लावायला आम्हीच बसायचो ना?"

इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. मग फॅन बेल्ट, खालची पुली आणि झाकण.

आता मुख्य गोष्ट. जुना पट्टा काढायच्या आधी वरच्या आणि खालच्या चाकाच्या खुणा जुळवायच्या. आम्ही त्यावर नेलपॉलिश लावलं. टेन्शनर सैल केला, पट्टा काढला. नवा बसेपर्यंत दोन्ही चाकं हलवायची नाहीत. नव्या पट्ट्याला तेलाचा हात लावायचा नाही, तो मुडपायचा नाही, बाण असेल तर इंजिन फिरतं त्या दिशेला ठेवायचा. टेन्शनरचं बेअरिंग खरखरतंय का, ऑइल सील गळतंय का, तेही तेव्हाच बघायचं.

पट्टा बसला. मी चावी घ्यायला निघाले, तर लेकीनं हात धरला. "आई, आधी पान्यानं दोन पूर्ण फेरे." फिरवले, तर खूण एक दाता सरकलेली! टेन्शनरच्या उलट्या बाजूला पट्टा ढिला राहिला होता. तशीच चालू केली असती तर? माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा सैल केलं, ती बाजू ताठ ठेवून पट्टा घातला, ढिलाई टेन्शनरकडे घेतली. परत दोन फेरे. या वेळी खुणा जुळल्या. फिरवताना अडलं तर जोर करायचा नाही, थांबायचं. खालच्या पुलीचा बोल्ट किती घट्ट, हे पुस्तकाप्रमाणं. त्यासाठी लेकीनं गॅरेजमधून टॉर्क पाना मागून आणला.

सगळ्यांनी घरी करा, असं मी म्हणत नाही. माहितगार माणूस शेजारी नसेल तर गॅरेजलाच द्या. पण तिथं उभं राहा, जुना पट्टा मागा, खुणा बघा, विचारा.

आपल्या पंचसूत्रीत नोंदी आहेत ना? आम्ही वहीत नवं पान केलंय: पट्टा बदलल्याची तारीख, किलोमीटर, पुढची तारीख. जुना पट्टा मी सोबत आणलाय. आतल्या बाजूला भेगा आहेत. हातात घ्या, वाकवून बघा. आणि घरी गेल्यावर आपापल्या गाडीची वही उघडा. बसा, एवढंच होतं.