हैती : स्वातंत्र्याचे नेते आणि मळ्यावरचा माणूस



हैतीच्या नेत्यांची कथा सांगताना आपण बहुधा रणांगणापाशी थांबतो. आज थोडे पुढे, उसाच्या मळ्यापर्यंत जाऊ या.

ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-दोमँग या संपन्न फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. एके काळी स्वतः गुलाम असलेला तूसाँ लूव्हेर्त्यूर पुढे त्या वसाहतीचा सूत्रधार झाला. परंतु फौज पोसावयाची तर पैसा हवा, आणि पैसा येई तो साखर व कॉफी यांच्या निर्यातीतून. म्हणून १८०० मध्ये त्याने मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीने मळ्यांशी जखडून ठेवले. चाबूक गेला होता, मजुरी मिळू लागली होती. पण मळा सोडण्याची मुभा नव्हती. पुढच्याच वर्षी उत्तरेतील मजुरांनी बंड केले, तेव्हा त्यांना साथ दिल्याच्या आरोपावरून तूसाँने पुतण्या मानलेल्या सेनापती मॉईझला गोळ्या घालविल्या.

१८०२ मध्ये नेपोलियनच्या सेनाधिकाऱ्यांनी तूसाँला कपटाने कैद केले. ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील जू किल्ल्यात त्याचा अंत झाला. त्याचा सहकारी देसालीन याने युद्ध तडीस नेले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतर त्याच्या आज्ञेने तेथे उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, हेही सांगितले पाहिजे. मळ्यावरची सक्ती त्यानेही उठविली नाही. १८०६ मध्ये स्वकीयांनीच त्याचा वध केला.

मग देश दुभंगला. उत्तरेत क्रिस्तॉफ १८११ मध्ये राजा झाला. त्याने मळे चालविले, खजिना भरला, डोंगरमाथ्यावर प्रचंड दुर्ग उभारला. हे सारे सक्तीच्या श्रमांवर. १८२० मध्ये सैन्य उलटले, तेव्हा पक्षाघाताने जर्जर झालेल्या या राजाने आत्महत्या केली. दक्षिणेत पेत्याँने सैनिकांना जमिनी वाटल्या. त्याचा खजिना रिता राहिला. लोकांचे प्रेम मात्र त्याला लाभले. १८१६ मध्ये त्याने बोलिव्हारला साहाय्य दिले ते गुलामांना मुक्त करण्याच्या अटीवर.

दोन्ही भाग एकत्र आणणाऱ्या ब्वायेपुढे १८२५ मध्ये फ्रेंच युद्धनौका येऊन ठाकल्या. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल, तर पूर्वीच्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी पंधरा कोटी फ्रँक द्या, ही मागणी त्याने मान्य केली. पुढच्याच वर्षी त्याने कायदा करून शेतकऱ्याला पुन्हा मळ्याशी बांधू पाहिले. पण तोवर अनेकांनी जमिनीचे लहान तुकडे मिळविले होते. कायदा बव्हंशी कागदावरच राहिला.

या नेत्यांना शत्रूचे भय होते आणि ते भय खोटे नव्हते, ही गोष्ट विसरून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि राज्याला बंदुकीसाठी साखर हवी होती, आणि ज्याने ती बंदूक हाती धरून स्वातंत्र्य मिळविले, त्याला स्वतःपुरते रताळे व केळी पिकविण्यासाठी वीतभर जमीन हवी होती. या दोन मागण्यांचा मेळ त्यांच्यापैकी कोणालाच पूर्णपणे घालता आला नाही.