बाळूचा चेंडू

मंडळी, आपल्या वऱ्हाडात गावोगाव पोरं क्रिकेट खेळतात. त्यांना बाळू पालवणकर सांगा.

शंभरावर वर्षं झाली. बाळू चांभाराघरचा. पुण्यात साहेबांच्या क्लबात चाकरीला होता. पगार महिना 4 रुपये. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, जाळी लावायची. साहेब बॅट धरत, बाळू तासन्‌तास चेंडू टाकी. त्याच्या हाती बॅट कुणी दिली नाही. पण चेंडूवर हात असा बसला, की हिंदूंच्या संघाला तो हवाच झाला.

मैदानात त्याचा चेंडू सारे झेलत. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात! चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. काय म्हणावं?

1911 साली तो संघाबरोबर विलायतेला गेला. तिथं 114 गडी बाद केले. तरी हिंदू संघाचा कप्तान त्याला कधी केलं नाही. 1923 साली कप्तान झाला तो त्याचा धाकटा भाऊ, विठ्ठल.