खोकत नव्हते ते कुठे आहेत?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितलं आहे. आम्ही नववीपर्यंत शिकलेलो. पुढचं शिक्षण गिरणीत, युनियनमध्ये आणि वाचनालयात झालं. तरी एका शिक्षणाबद्दल बोलणार आहोत, कारण त्याच्याशी आमचा हिशेब बाकी आहे. सार्वजनिक आरोग्य हा तो विषय. पदवीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्याला एम.पी.एच. म्हणतात.

१९८२ चा संप होऊन गेल्यावर काही वर्षांनी आम्ही बदली म्हणून गिरणीत लागलो. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ इतकी, की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळायची, दोन-तीन दिवसांनी सैल व्हायची. जुने लोक म्हणायचे, सुट्टी बाधली. शेजारच्या मशीनवरचा आमचा सोबती असाच खोकत खोकत गेला. त्याला दोनदा टी.बी.ची औषधं दिली, पण थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. पन्नाशीसुद्धा त्याने पाहिली नाही.

मग आम्ही एक वही केली. त्यात खोकणाऱ्यांची नावं लिहिली आणि ती घेऊन एका कचेरीत गेलो. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "खोकला कुणाला नसतो?" आम्ही घोषणा दिल्या, परत आलो. वही ट्रंकेत गेली.

आपल्या विहाराच्या धम्मवर्गात शिकलेली एक मुलगी बी.एस्सी. झाली आणि एम.पी.एच.ला गेली. तिला आम्ही ती वही मोठ्या अभिमानाने दाखवली. तिने सगळी वाचली आणि विचारलं, "काका, खोकत नव्हते ते कुठे आहेत?"

खरं सांगतो, आम्हाला राग आला. माणसं मेली आणि ही न खोकणाऱ्यांची चौकशी करते! पण तिने समजावलं. समजा, कार्डिंगमध्ये चाळीस माणसं, त्यातली वीस खोकतात. साचाखात्यात चाळीस, त्यातली पाच खोकतात. हवा दोघांनाही मुंबईचीच. मग वीस आणि पाच का? बिडी कोण ओढायचं, कोण किती वर्षं कामावर होतं, हेही लिहायला हवं. म्हणजे साहेबाला खोकल्याचं खापर हवेवर किंवा बिडीवर फोडून मोकळं होता येत नाही. आमच्या वहीत दुःख होतं, तुलना नव्हती.

त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, हेही तिच्याकडूनच कळलं. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास केला होता. सोमवारी छाती आवळते, हीच त्याची खूण. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, तीत हाही रोग होता. म्हणजे ज्ञान होतं, कायदा होता. आमच्या खात्यात येऊन मोजणारं आपलं माणूस नव्हतं.

लंडनमध्ये १८५४ साली एका मोहल्ल्यात कॉलऱ्याने सहाशेच्या वर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो घरोघर फिरले. पंपाजवळच्या दारूच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले होते. ते तिथली बिअर प्यायचे, त्यांची विहीरही वेगळी होती. म्हणून दोष पंपाच्या पाण्यात आहे, हा संशय पक्का झाला. (याचा अर्थ बिअर प्या असा कुणी घेऊ नये, आताच पंचशील घेतलं आहे!) तिथेही प्रश्न तोच. आजारी पडले नाहीत ते कोण?

भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन, स्वतःच्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आपल्या हातांनी धुतलं. आणि भिक्खूंना विचारलं, याची सेवा कुणी का केली नाही? सेवा आणि कारणाची चौकशी, दोन्ही आपल्या धम्मात आहेत. बाबासाहेबही १९१९ ला साऊथबरो समितीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे गेले ते नुसती गाऱ्हाणी घेऊन नाही. अभ्यास करून, आकडे मांडून गेले.

आता कामाचं बोलतो. एम.पी.एच. साठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. आपल्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठात हे शिक्षण आहे. कलकत्त्याची सरकारी संस्था तर १९३२ पासूनची आहे. रोग कसा पसरतो, आकडेशास्त्र, आरोग्यावरचा खर्च, सरकारी धोरण हे सगळं शिकवतात आणि वस्तीत पाठवून प्रत्यक्ष काम करून घेतात. शिष्यवृत्त्या आहेत, पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात मुलांचं वर्ष जातं.

नोकरीचं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही. सरकारी आरोग्य योजनांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात. त्या मुलीच्या घरीही म्हणाले होते, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग दोन वर्षं कशाला घालवायची? लग्न करून टाकू." तिची आई ठाम राहिली म्हणून ती शिकली. ती माउली आज इथे बसली आहे, तिला आमचा जयभीम.

समितीला एकच विनंती. अशा एका तरी मुलाचा किंवा मुलीचा प्रवास आणि पुस्तकांचा खर्च दरवर्षी विहाराने उचलावा. आमच्याकडून पहिली वर्गणी आजच घ्या.

वही आम्ही त्या मुलीला देऊन टाकली. सोबती परत येणार नाही. पण उद्या कुठल्या गोदामात, कुठल्या सफाईच्या कामावर आपली पोरं खोकू लागली, तर साहेबापुढे नीट मोजलेली वही ठेवणारं आपलं माणूस असलं पाहिजे.

नमो बुद्धाय. जयभीम.